तिरंदाजाचा दुसरा पेशा

१

गेल्या पावसाळ्यात जवळजवळ सहा आठवडे एका प्रश्नाने मी अस्वस्थ होते. एका काल्पनिक तिरंदाज स्त्रीने आपल्या सहाव्या पातळीवर दुसरा पेशा स्वीकारावा की पहिल्याच पेशात पुढे जावे, हा तो प्रश्न. तो समीक्षेच्या नियतकालिकात मांडावा असा आहे का, अशी शंका वाचकाला येईल. मलाही ती आली होती. परंतु पात्र या संकल्पनेविषयी प्रबंध लिहून पदवी मिळवलेल्या व्यक्तीला एका पात्राविषयी साधा निर्णय घेता येऊ नये, ही गोष्ट मला पुरेशी लाजिरवाणी वाटली. त्या लाजेचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केला. युद्धपटावरील खेळातून तो निघाला. मात्र त्यात खेळाडूच्या हाती सैन्य नसते, एकच व्यक्ती असते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण जग वर्णन करतो, प्रसंग उभे करतो, खेळाडूंच्या वाट्याला न आलेली सर्व पात्रे बोलतो. आमच्या टेबलावर आम्ही त्याला सूत्रधार म्हणतो. इतरांपैकी प्रत्येक जण एकेक पात्र चालवतो. ‘मी बाण सोडते’ असे म्हटले, की वीस पैलूंचा फासा टाकायचा आणि आलेल्या अंकात पात्राच्या कौशल्याचे अंक मिळवायचे. कथा अशी पुढे सरकते. ती कोणा एकाने लिहिलेली नसते.

आमचा सूत्रधार माझा जुना विद्यार्थी आहे. एम. ए. मराठी करून तो आता संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. संख्याशास्त्र विभागातील माझे एक सहकारी जादूगार चालवतात. सध्या एम. ए. करणारी एक विद्यार्थिनी आणि एक विद्यार्थी असे आणखी दोघे. महिन्यातून दोन रविवारी आम्ही भेटतो. माझ्या पात्राच्या नोंदपत्रकावर नावाचा रकाना वर्षभर कोराच होता; सगळे तिला ‘तिरंदाज’च म्हणत आणि मला त्यात वावगे वाटत नव्हते.

२

खेळातील ‘क्लास’ या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना आम्ही प्रथमच अडखळलो. ‘वर्ग’ म्हणावे तर शाळेची खोली आणि समाजशास्त्रातील संज्ञा दोन्ही डोळ्यांसमोर येतात. ‘वर्ण’ म्हणणे तर शक्यच नव्हते. शेवटी ‘पेशा’ हा शब्द स्थिरावला. पेशांची नावे मात्र आम्ही तशीच ठेवली: फायटर, रेंजर, विझर्ड. ‘रोग’ या पेशाचे नाव उच्चारताच पहिल्या दिवशी सगळे हसले होते. तो चोरवाटांचा, कुलपांचा आणि पाठीमागून वार करणाऱ्यांचा पेशा आहे. माझा प्रश्न जेव्हा टेबलावर आला तेव्हा सहकाऱ्यांनी तो एका वाक्यात मांडला, “म्हणजे रेंजरला रोग जडवायचा की नाही, एवढंच ना?”

माझी तिरंदाज रेंजर होती: अरण्यात वाट काढणारी, माग काढणारी, थोडे मंत्र जाणणारी. आम्ही २०१४ च्या नियमांनी खेळतो. त्यानुसार पात्राला एकूण वीस पातळ्या असतात. प्रत्येक नव्या पातळीवर खेळाडू जुन्याच पेशात एक पायरी चढू शकतो, किंवा सूत्रधाराची संमती असेल तर दुसऱ्या पेशाची पहिली पायरी चढू शकतो. त्यासाठी काही गुणांत किमान १३ अंक लागतात. माझ्या तिरंदाजाकडे ते होते.

हिशेब सहकाऱ्यांनी कागदावर मांडून दिला. पाचव्या पातळीच्या रेंजरला एका पाळीत दोन बाण मारता येतात. तिची चपळता १८, म्हणून अधिक चार, प्रावीण्याचे तीन, धनुर्विद्येच्या विशेष शैलीचे दोन. फाशावरील अंकात एकूण नऊ मिळवायचे. शत्रूचे कवच १५ असेल तर वीसपैकी पंधरा वेळा बाण लागणार. लागलेला प्रत्येक बाण सरासरी साडेआठ अंकांची इजा करणार. आता ‘रोग’च्या तीन पायऱ्या घेतल्या, तर पाळीत एकदा, योग्य संधी असताना, सहा पैलूंचे दोन फासे जादा मिळणार, म्हणजे सरासरी आणखी सात, शिवाय चटकन लपण्याची किंवा निसटण्याची सोय. फायटरच्या दोन पायऱ्या घेतल्या, तर विश्रांतीनंतर एकदा एका पाळीत दुहेरी कृती, म्हणजे आणखी दोन बाण.

हे सारे मिळकतीच्या बाजूचे. खर्चाच्या बाजूला एकच गोष्ट होती: पातळ्या वीसच आहेत. ‘रोग’च्या तीन पायऱ्या चढल्या, की रेंजरच्या आठव्या पायरीवर चपळता २० करण्याची जी संधी येते ती अकराव्या पातळीपर्यंत लांबणार. रेंजरच्या अकराव्या पायरीवर शत्रूंच्या घोळक्यातील प्रत्येकावर एकेक बाण सोडण्याची जी शक्ती मिळायची, ती चौदाव्या पातळीवर येणार. आणि एक बारीक नियम सहकाऱ्यांनी अधोरेखित केला होता. दोन पेशांतून मिळणाऱ्या ‘जादा हल्ल्या’ची बेरीज होत नाही. रेंजरकडून दुसरा बाण मिळाला आहे आणि उद्या फायटरच्या पाचव्या पायरीवरही तोच मिळाला, तरी बाण दोनच राहतात. माणूस दोन पेशांचा झाला म्हणून दुप्पट होत नाही. त्या नियमाचा मला समजलेला अर्थ एवढाच.

३

माझ्या प्रबंधाची भूमिका थोडक्यात अशी होती की पात्र ही व्यक्ती नव्हे. संहितेतील कार्यांचा तो समुच्चय असतो. १९२८ मध्ये व्लादिमीर प्रॉप यांनी रशियन अद्भुतकथांचा रूपविचार करताना एकतीस कार्ये आणि सात कृतिक्षेत्रे कल्पिली: खलनायक, दाता, साहाय्यक, नायक इत्यादी. पात्र कोण आहे यापेक्षा ते कथेत काय करते, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. पुढे बार्तने १९७० मध्ये पात्राचे आणखी विघटन केले आणि विशेषनामाभोवती गोळा झालेल्या अर्थघटकांपुरतेच ते उरले. ई. एम. फॉर्स्टर यांच्या १९२७ मधील व्याख्यानांतील सपाट आणि गोलाकार पात्रांचा भेद आम्ही वर्गात आजही शिकवतो. पण मी तो नेहमीच काहीशा अढीने शिकवत आले. ‘हे पात्र असे वागणारच नाही’ असे एखादा विद्यार्थी म्हणाला, की मी त्याला विचारत असे, “तो कागदाबाहेर कुठे भेटला तुला?”

या भूमिकेला माझ्या तिरंदाजाचा प्रश्न कठीण वाटायला नको होता. ती तर अक्षरशः अंकांचा समुच्चय होती. नावाचा रकानासुद्धा कोरा. प्रॉप यांनी तर एकच पात्र अनेक कृतिक्षेत्रांत वावरू शकते, आणि उलट एकच कृतिक्षेत्र अनेक पात्रांत वाटले जाऊ शकते, असे स्पष्टच म्हटले आहे. म्हणजे बहुपेशी पात्राला प्रॉप यांची हरकत नसावी. तरीही प्रत्येक वेळी पेन्सिल हातात घेतली, की माझ्या मनात जे वाक्य येई ते फॉर्स्टरच्या गोटातले असे: ‘ती असे करणार नाही.’ आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नेमके उलट: ‘ती हेच करील, त्या रात्री तिने ते सिद्ध केलेच आहे.’

ती रात्र म्हणजे आमच्या कथेतील एक प्रसंग. एका किल्ल्याच्या तळघरात आमचा वाटाड्या कैदेत होता. त्याला सोडवायला आम्ही अंधारात उतरलो होतो. अरण्यात वाढलेल्या माझ्या तिरंदाजाने तेथे, पहारेकरी दहा पावलांवर असताना, केसांतल्या काट्याने कुलूप उघडले, हे मला स्वच्छ आठवत होते. या आठवणीवर मी सहा आठवड्यांत बरेच बांधकाम केले. ती लहानपणी कोठे वाढली, कुलपांशी तिचा संबंध कसा आला, उघड्या रानातून भिंतींच्या जगात आल्यावर तिच्यात कोणता पालट झाला, हे सारे मी दोन पाने भरून लिहिले. दुसरा पेशा हा त्या पालटाचा न्याय्य परिणाम ठरत होता. एखाद्या कादंबरीवरील शोधनिबंधात ते मांडले असते, तर परीक्षकाने ‘मानसशास्त्रीय अन्वयार्थ समाधानकारक’ असा शेरा दिला असता.

४

या काळात मी नियमांची जुनी पुस्तकेही चाळली. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत दोन पेशांचा विचार वंशावरून केलेला आहे. एल्फ, ड्वार्फ यांसारख्या मानवेतर वंशांना एकाच वेळी दोन-तीन पेशे चालवता येत. परंतु बहुतेक पेशांत त्यांना वंशानुसार ठरलेल्या पातळीच्या वर जाता येत नसे. मानवाला अशी मर्यादा नव्हती. पण त्याला पेशे एकत्र चालवता येत नसत. त्याने पहिला पेशा सोडून दुसरा धरायचा आणि सोडलेल्या पेशात पुन्हा कधीही पुढे जायचे नाही. त्यासाठीही जुन्या पेशाच्या मुख्य गुणात १५ आणि नव्याच्या १७ अंक हवेत. शिवाय नवा पेशा जुन्याच्या पातळीपलीकडे पोचेपर्यंत जुनी विद्या वापरली, तर त्या मोहिमेतला अनुभव बुडे. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ही भिंत बरीचशी पाडली, तरी वंशानुसार ‘आवडता पेशा’ ठेवलाच. २०१४ च्या नियमांत तोही नाही. २०२४ च्या सुधारित नियमांत तर ‘वंश’ हा शब्दच बदलून ‘प्रजाती’ असा केला आहे.

जन्मावरून पेशा आणि पेशावरून मर्यादा, ही रचना मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांनी ती रचली त्यांच्या मनात आपली समाजव्यवस्था असण्याचे कारण नव्हते. पण मी ती पाने वाचताना माझ्या मनात महाभारत होते. जन्माने ब्राह्मण आणि वृत्तीने धनुर्धर असलेला द्रोण. क्षत्रियत्व टाकून ब्रह्मर्षी होऊ पाहणारा विश्वामित्र, म्हणजे जुन्या पुस्तिकेच्या भाषेत पहिला पेशा सोडून दुसरा धरणारा मानव. परशुरामाकडे आपली ओळख लपवून विद्या घेणारा कर्ण. आणि ज्याला तिरंदाजीचा पहिलाच पेशा नाकारला गेला तो एकलव्य. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये द्रोण आणि अश्वत्थामा यांच्यावरील लेखाला ‘परधर्मो भयावहः’ असे नाव दिले आहे. तो लेख मी अनेकदा शिकवला आहे. या वेळी मात्र तो वाचताना मी सावध झाले. ‘एका पेशातच राहणे बरे’ या निष्कर्षाकडे माझे मन झुकत होते आणि त्या निष्कर्षाला परंपरेचा आधार फार सहज मिळत होता. जो निर्णय द्रोणाच्या टीकेतून मिळतो, तोच एकलव्याचा अंगठाही मागू शकतो. स्वतः निवडून एका पेशात राहणे आणि राहायला लावले जाणे यांतले अंतर पुसून माझ्या तिरंदाजाला ‘शुद्ध’ ठेवावे, हे मला मान्य होणार नव्हते.

५

एका रविवारी खेळ सुरू होण्यापूर्वी मी ती दोन पाने वाचून दाखवली. निर्णय झाल्यासारखाच होता. ‘रोग’ची पहिली पायरी घ्यायची. वाचन संपले तेव्हा कोणी काही बोलले नाही. मग विद्यार्थिनी जरा संकोचून म्हणाली, “मॅडम, त्या रात्री कुलूप तिनं नव्हतं उघडलं. मी उघडलं. तुम्ही दिव्यावर बाण मारलात. अंधार झाला म्हणून मला जाता आलं.”

मी ते नाकारले. सूत्रधाराकडे प्रत्येक सत्राची वही असते. त्याने पान उलटून शांतपणे वाचले: तिरंदाज, वीस पैलूंच्या फाशावर अठरा, दिवा विझला, त्यानंतर ‘रोग’, कुलूप उघडले. विद्यार्थिनीचे पात्र ‘रोग’च होते. कुलपे उघडणे हे पहिल्या दिवसापासून तिचे काम होते, आणि माझ्या दोन पानांत तिचा उल्लेखही नव्हता.

“म्हणजे आता दोन चोर होणार का आपल्याकडे?” फायटर चालवणाऱ्या विद्यार्थ्याने विचारले. त्याने ते थट्टेने विचारले. पण पुढे जे बोलला ते थट्टेने नव्हते. “मी पुढे धावतो ते मागून बाण येणार आहे म्हणून धावतो, मॅडम. तुम्ही लपायला गेलात तर मला माझी पद्धत बदलावी लागेल. बदलीन. पण आधी सांगा.”

पात्राविषयी माझ्याकडे दोन सिद्धांत होते आणि दोन्ही त्या क्षणी अपुरे पडले. तिरंदाज नुसती कार्यांचा समुच्चय नव्हती. तसे असते तर मला ती चुकीची आठवली तरी कोणाचे काही बिघडले नसते. ती स्वयंपूर्ण अंतरंग असलेली व्यक्तीही नव्हती. तिचे ते अंतरंग मी सोयीनुसार मागाहून लिहिले होते. कादंबरीतील पात्राच्या कृतीला आपण समीक्षक जे कार्यकारण चिकटवतो ते किती वेळा असेच असते, याचा विचार मला तेथे बसूनच करावा लागला. टेबलावरील चौघांच्या दृष्टीने ती एक अपेक्षा होती. कोणी तिच्या भरवशावर पुढे धावत होता, कोणी तिने केलेल्या अंधारातून जात होते, आणि तिचा भूतकाळ माझ्या स्मरणात नव्हे तर सूत्रधाराच्या वहीत व इतरांच्या आठवणीत होता. एकच कृतिक्षेत्र अनेकांत वाटले जाते, हे प्रॉप यांचे विधान मी वीस वर्षे वर्णनपर समजत आले. खेळात ते बांधिलकीचे विधान होते: वाटणी झालेली आहे, आणि तुमचा वाटा सोडण्यापूर्वी इतरांना विचारावे लागते.

६

येथेच लेख संपवता आला असता. परंतु त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी दुसरी एक वही काढली, आणि तिच्याविषयी न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी मी विभागातील अध्यापनाबरोबर संस्थेच्या मूल्यांकनाचे समन्वयकपद घेतले. दोन वर्षांसाठी म्हणून घेतले, सहा वर्षे चालवले. तक्ते, पुरावे, अहवाल, भेटी. ते काम मला चांगले येऊ लागले. मी अशी समजूत करून घेतली होती की दोन्हींची बेरीज होत आहे. प्रबंधाचे पुस्तक करायचे होते, ते झाले नाही. माझ्याकडे तेव्हा दोन संशोधक विद्यार्थी होते. एकाने प्रकरणे देऊन महिनोन्महिने वाट पाहिली आणि अखेर मार्गदर्शक बदलून घेतला. दुसरीने संशोधन सोडले. ती आता कोठे आहे हे मला माहीत आहे. तिला पत्र लिहिण्याचे धैर्य मला झालेले नाही.

ही हकीकत मी नेहमी एकाच प्रकारे सांगत आले होते: दुसरे कोणी तयार नव्हते, विभागाची निकड होती, जबाबदारी माझ्यावर आली. त्या रविवारी रात्री मी बैठकीच्या इतिवृत्ताची जुनी प्रत शोधून वाचली. तीत लिहिले आहे की दुसऱ्या एका सदस्याने तयारी दर्शवली होती, आणि त्यानंतर मी स्वतःहून नाव दिले. कुलूप कोणी उघडले हे येथेही मला चुकीचेच आठवत होते.

मी दुसरा पेशा घेतला हे चुकले, असे मला म्हणायचे नाही. विभागाला त्या कामाचा उपयोग झाला, आणि एका विषयाच्या चौकटीत आयुष्यभर बसलेच पाहिजे असा आग्रह मी विद्यार्थ्यांनाही करत नाही. चूक झाली ती विचारण्याची. माझ्या भरवशावर जे दोघे पुढे धावत होते त्यांना मी ‘आधी सांगितले’ नाही. निवृत्तीला आता चौदा वर्षे उरली आहेत. पातळ्या मोजक्या असतात हे मला नोंदपत्रकावरून कळायला नको होते. पण कळले ते तेथूनच.

७

पुढच्या रविवारी मी तिरंदाजाच्या पत्रकावर ‘रेंजर, ६’ असे लिहिले. रेंजरची सहावी पायरी २०१४ च्या नियमांत फारशी फलदायी नाही. बाण वाढत नाहीत, इजा वाढत नाही. सराईत शत्रूंच्या यादीत एकाची आणि परिचयाच्या भूप्रदेशांत एकाची भर पडते, इतकेच. सहकाऱ्यांनी मान हलवली. त्यांच्या कागदाप्रमाणे हा सर्वांत कमी लाभाचा पर्याय होता, आणि त्यांचा हिशेब बरोबरच आहे. विद्यार्थिनी म्हणाली, “पुढं कधी घ्यायचा झाला तर घ्या मॅडम, मी शिकवीन तिला कुलपं.” हे मला नियमांच्या कोणत्याही पुस्तकात सापडले नव्हते: दुसरा पेशा कोणाकडून तरी शिकायचा असतो, आणि शिकवणारी व्यक्ती टेबलावरच असू शकते.

भूप्रदेशाच्या रकान्यात ‘अरण्य’ होतेच. त्यापुढे मी ‘डोंगर’ असे लिहिले. नावाचा रकाना अजून कोरा आहे. त्या विद्यार्थिनीला लिहायच्या पत्राचा मायना मात्र घालून ठेवला आहे.